डिकीतली खंजिरी

"डिकीत का आहे जी?"

"बेस आहे."

"बेस असन. पण आहे का?"

हा संवाद माझा पुतण्या आणि एक पोलीस शिपाई यांच्यात, व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलाजवळ, संध्याकाळी साडेसहाला झाला. आमच्या झाडीपट्टीत 'बेस' म्हणजे चांगलं, झकास. पोरगी कशी आहे? बेस आहे. भाजी कशी झाली? बेस झाली. पुतण्याला म्हणायचा होता गाण्यातला बेस, आणि तोही बारा इंची. शिपायाला वाटलं, हा पोरगा डिकीची खुशाली सांगतो आहे.

हा पूल ओलांडला की नुसता जिल्हा बदलत नाही, कायदा बदलतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली गेली. सहा वर्षं नदीचे दोन्ही काठ कोरडे होते. आता एक काठ ओला आहे. अशा परिस्थितीत एमएच ३४ ची गाडी दिवेलागणीला एमएच ३३ च्या दिशेनं निघते आणि तिची डिकी लांबूनच खणखण, किणकिण, खुळखुळ असे तिन्ही आवाज करते. त्याचा अर्थ लावायला पोलिसात भरती व्हावं लागत नाही. माझ्या शेजाऱ्यानंही हाच अर्थ लावला होता. फरक एवढाच की तो एक बाटली मागायला आला होता.

पुतण्यानं डिकी उघडली. आत काळ्या कापडात गुंडाळलेली पेटी, तिला मधोमध मोठ्या परातीएवढं तोंड. शिपायानं टॉर्च मारला. पेटीवर टिचकी मारली.

"आतमधी का भरून आहे?"

"काही नाही जी. आतून रिकामीच असते. हवा लागते तिले."

"हवेसाठी एवढा खर्च?"

मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या बायकोनं जोरात मान डोलावली. दोन महिने ती नेमकं हेच म्हणत होती, पण तिच्याकडे वर्दी नव्हती.

"आता वाजवून दाखवा," शिपाई म्हणाला. पुतण्याचा चेहरा असा उजळला की जणू जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं. त्यानं गाणं लावलं. डिकी बंद केली. आणि आमची गाडी बोलायला लागली. गाणं आत होतं, बाहेर फक्त भांड्यांचं दुकान ऐकू येत होतं. शिपायानं गाडीला अर्धी प्रदक्षिणा घातली, वाकला, आणि मागच्या नंबर प्लेटवर एक बोट ठेवलं. किणकिण थांबली. बोट उचललं, सुरू झाली. पुन्हा ठेवलं, थांबली. तिसऱ्यांदा त्यानं केलं ते तपासासाठी नव्हे, मजेसाठी.

"पलेट ढिली आहे," तो म्हणाला. "जा."

हजारो रुपयांची यंत्रणा बसवणाऱ्या दुकानदाराला जे दोन महिन्यांत सापडलं नव्हतं, ते एका बोटानं सापडलं.

या सगळ्याला पुतण्याची आवड आणि माझ्या आजोबांचा पलंग कारणीभूत आहे. गाडी माझी. जुनी, चारदारी, मागं लांब डिकी असलेली. पुतण्या नोकरीला लागला, पहिल्या पगारात त्यानं वूफर आणि अॅम्प घेतला, आणि स्वतःला गाडी नसल्यामुळे तो माझ्या गाडीत बसवला. पेटी एमडीएफची करायची असं दुकानदारानं सांगितलं. आमच्या सुताराला ते लागलं. भुसा दाबून केलेली ती पाटी? इथं, आलापल्लीच्या सागवानाच्या मुलखात? २०२३ च्या मार्चमध्ये याच जंगलातलं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. आणि आपण आपल्या गाण्याला भुशात कोंडायचं? सुताराच्या या देशभक्तीपुढे पुतण्या हरला. नवं सागवान घ्यायचं तर पैसा लागतो आणि वनखात्याचे कागद लागतात. घरातला जुना पलंग मोडायला फक्त आईची नजर चुकवावी लागते.

पेटी देखणी झाली. पण दार आणि वूफरची पेटी यांच्याकडून लाकडाला वेगवेगळ्या अपेक्षा असतात, हे सुताराला ठाऊक नव्हतं आणि मलाही नंतर कळलं. एमडीएफ मुर्दाड असतं आणि तोच त्याचा गुण आहे. ठोकलं तर थप. सागवानाची फळी ठोकली तर ती उत्तर देते. शिवाय मुसळधार पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, सांध्याला केसाएवढी फट पडते, आणि प्रत्येक ठोक्याला त्या फटीतून फुस्स करून हवा निसटते. आजोबा त्या पलंगावर चाळीस वर्षं घोरले. आमची आई म्हणते, तेव्हाही तो वाजायचाच.

आता हा वूफर करतो काय, तेही सांगतो, कारण पुतण्यानं मला ते इतक्या वेळा सांगितलंय की माझ्याच्यानं आत ठेववत नाही. तो साधारण वीस ते ऐंशी हर्ट्झच्या मधले खर्जाचे स्वर वाजवतो. चाळीस हर्ट्झच्या स्वराची हवेतली एक लाट साडेआठ मीटर लांब असते. आमची गाडी चार मीटरच्या थोडी वर. म्हणजे पाहुणा दारातच मावत नाही. मग तो आतल्या हवेला सेकंदाला चाळीस वेळा दाबतो आणि ताणतो, आणि डिकीचा मिलिमीटरहूनही पातळ पत्रा दम लागलेल्या माणसाच्या पोटासारखा आत-बाहेर करतो. त्या पत्र्याला जे जे टेकलेलं, लटकलेलं, अडकवलेलं आहे आणि जे जे अर्धवट सैल आहे, ते ते थरथरायला लागतं. आणि गंमत अशी की प्रत्येकाचा आपला ठरलेला स्वर असतो. जॅक एका सुराला उठतो, सीटबेल्टचं बक्कल दुसऱ्या. खुळखुळ वूफरची नसतेच. तो नुसता हजेरी घेतो. 'हजर' म्हणते ती गाडी.

चंद्रपूरच्या माणसाला हे समजावून सांगायला विज्ञान लागत नाही. आमच्या गावाभोवती दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठ अशा कोळशाच्या खाणी आहेत. दुपारी ब्लास्टिंग होतं, जमिनीतून एक हुंकार येतो आणि आमच्या फडताळावरची एकच वाटी वाजते. शेजारच्या अकरा वाट्या गप्प. वर्षानुवर्षं तीच वाटी. बायको तिला जागची हलवत नाही, कारण ती वाजली की चहाची वेळ झाली.

त्या संध्याकाळी पुलापलीकडे गेलो ते नाटकाला. चामोर्शीकडे माझ्या सासुरवाडीच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा, होती आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, हे या झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या मंडळ्या गावोगाव निघतात; नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि कोंबडं आरवल्यावर संपतं. याच रंगभूमीवरच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या सासुरवाडीत असा आनंद झाला की जणू घरातल्याच कुणाला मिळाली. थंडीत घोंगडं पांघरून, शेंगा खात, पडद्यामागच्या पेटी-तबल्यासकट पाहायची ती गोष्ट आहे. तिथं कुणालाही डब्यातून बेस पुरवावा लागत नाही. खलनायक हसला की तंबूचे बांबू हलतात.

गावात शिरलो तर चुलतसासरे अंगणात उभे. वयानं पंचाहत्तरीचे, भजनी मंडळात पखवाजावर. म्हणाले, "या जवाईबुवा. खंजिरी मंडळ सोबत घेऊन आले का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा होतीच, पण निदानही होतं. खंजिरी म्हणजे काय हे विदर्भात सांगावं लागत नाही. तुकडोजी महाराजांनी ती हातात घेतली आणि गावोगाव पोचवली. तिच्या कड्यात पितळी चकत्या असतात आणि त्या मुद्दाम सैल ठेवतात. घट्ट बसवल्या तर मागं उरते नुसती डफली. म्हणजे खुळखुळ ही वस्तू मुळात वाईट नाही; ती हवी तिथं लावली की वाद्य, नको तिथं लागली की डिकी. चुलतसासऱ्यांनी आमच्या गाडीचा कान धरला. इथं कान म्हणजे नंबर प्लेट. मग घरात हाक दिली, "कणीक आन वं थोडी."

पखवाज वाजवायच्या आधी डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. तिच्या वजनानं आवाज खाली उतरतो, भरदार होतो, आणि चामड्याची उगाचची किणकिण मरते. तबल्यावरची काळी शाई हा त्याचाच कायमचा बंदोबस्त. या वजन लावलेल्या पुड्यांचं गणित सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. त्याआधी काही काळ ते नागपुरात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते, म्हणजे आमच्या अगदी जवळ येऊन गेले. चुलतसासऱ्यांनी 'नेचर' वाचलेलं नाही. त्यांनी लिंबाएवढा गोळा नंबर प्लेटच्या मागे दाबला, अंगठ्यानं सारखा केला, आणि म्हणाले, "वाजव आता."

पुतण्यानं वाजवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या गाण्याला चाल आहे हे मला कळलं.

आनंदाच्या भरात आम्ही नाटकाला गेलो. पहाटे परत आलो, तर गाडीच्या मागं एक बकरी उभी. नंबर प्लेट एका स्क्रूवर लोंबकळत होती आणि बकरी आमचा ध्वनिरोधक शांतपणे चाटून पुसून संपवत होती. 'मातीतला उपाय' म्हणतात त्याची ही एक बाजू कुणी सांगत नाही. परत येताना गाडी होती तशीच वाजत होती, उलट बकरीनं ढिलाई वाढवल्यामुळे थोडी अधिक. येताना मात्र कुणी अडवलं नाही. गडचिरोलीकडून चंद्रपूरकडे येणाऱ्या डिकीवर कुणाचा संशय नसतो.

मूलच्या अलीकडच्या जंगलात पुतण्या स्वतःहून गाणं बंद करतो, एवढं मात्र त्याच्या बाजूनं नोंदवतो. तो वाघाचा रस्ता आहे. वाघाच्या डरकाळीत वीस हर्ट्झच्याही खालचे, आपल्याला कानानं ऐकू न येणारे स्वर असतात, हे त्यानंच मला सांगितलं आणि थोड्या हेव्यानं सांगितलं. तेवढ्या खाली उतरायला त्याला आणखी एक अॅम्प लागेल. मी म्हटलं, फरक अॅम्पचा नाही. वाघ तिथवर उतरतो आणि त्याचं काहीही खुळखुळत नाही.

तेव्हापासून आमचं ठरलं की ही खुळखुळ मुळापासून उपटायची. त्याची पद्धत अशी: मोबाइलवरून एक कंटाळवाणा स्वर वाजवायचा, वीस हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू शंभरपर्यंत चढवत न्यायचा. एकानं पुढं बसून आकडे सांगायचे, दुसऱ्यानं मागं राहून आवाज कुठून येतो ते हातानं दाबून शोधायचं. 'मागं' म्हणजे डिकीत. 'दुसरा' म्हणजे मी. कारण मागची सीट पाडून आत शिरायला लहान अंगाचा माणूस हवा होता, आणि घरात माझ्याहून लहान अंगाची फक्त आई होती.

तर रविवारी सकाळी मी माझ्याच गाडीच्या डिकीत, गुडघे हनुवटीला लावून, तोंडात टॉर्च धरून आडवा. वर डिकी बंद. पुढून पुतण्या ओरडतोय, "काका, चौतीस! पस्तीस! काही?" मी आतून, "स्टेपनीचा पाना!" तो, "एकेचाळीस!" मी, "पार्सल ट्रे! डावीकडे!" तेवढ्यात शेजारी आला. बंद डिकीतून माणसाचा आवाज येतोय, पुढं पोरगा आकडे मोजतोय. तो मुकाट्यानं परत गेला. तेव्हापासून तो बाटली मागत नाही आणि पुतण्याला 'अहो' म्हणतो.

या शोधातून निघालेलं सामान असं: जॅक, जो त्याच्या खाचेत कधी बसवलेलाच नव्हता. तारांची जुडी, जिची पकड तुटून ती पत्र्यावर आपटत होती. मागच्या सीटचं कुलूप. पाच वर्षांपूर्वी हरवलेलं नेलकटर, ज्यावरून घरात तेव्हा बरंच बोलणं झालं होतं. आणि एक चिंचोका, बेचाळीस हर्ट्झवर नाचणारा. बाकी सगळं बाजूला ठेवा, पण एवढासा चिंचोका एवढा आवाज करतो, यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

खरा छळ पुढेच आहे. मोठा आवाज थांबवला की त्याच्या मागं दडलेला दुसरा ऐकू येतो. वाघ फिरत असतो तोवर बिबट पुढं येत नाही. वाघ गेला की बिबट, बिबट गेला की रानमांजर. नंबर प्लेटच्या मागं फोमची पट्टी लावली, तर डिकीचं झाकण ऐकू आलं. त्या झाकणाच्या कोपऱ्यांना दोन रबरी गुंड्या असतात, फिरवल्या की वर-खाली होतात. अर्धा आटा बाहेर काढल्या की झाकण घट्ट बसतं. हा उपाय फुकट आहे. त्यामुळेच तो कुठल्याही दुकानात सांगत नाहीत. झाकण गप्प झालं, तर मागच्या काचेखालचं प्लास्टिक कुरकुरायला लागलं. त्याला फेल्टची पट्टी लावली, तर छताचा दिवा. मग एक दिवस सगळं शांत असताना काहीतरी बारीक टकटकलं, आणि अर्धा तास शोधल्यावर कळलं की तो माझ्या चष्म्याचा स्क्रू होता.

आणखी एक फुकटचा उपाय होता: अॅम्पवरची गेनची चावी थोडी खाली फिरवणे आणि बेस बूस्ट बंद करणे. मी तो सुचवला. पुतण्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुणी म्हणावं की पाऊस थोडा कमी करा.

उरला मूळ पत्रा. त्याला चिकटवायचे तक्ते मिळतात. आत ब्युटाइल रबर, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं, थरथरीची उष्णता होते आणि आवाज तिथंच विरतो. कणकेच्या गोळ्याचंच शिकून आलेलं भावंड. ब्युटाइल महाग, म्हणून पुतण्यानं आधी डांबराचे स्वस्त तक्ते आणले. लावले एप्रिलमध्ये. मग मे आला. चंद्रपूरच्या मेमध्ये पारा ४६ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला तर हात लावण्याची सोयच नसते. तक्ते वितळले. झाकणावरून डांबराचे काळे थेंब वूफरवर, स्टेपनीवर आणि बायकोनं तिथं ठेवलेल्या पापडाच्या पिशवीवर पडले. गाडीत नव्या रस्त्याचा वास सुटला. आमच्या भागात हा वास तसा दुर्मीळ, त्यामुळे दोन दिवस आम्हाला तो ओळखूच आला नाही.

ते सगळं रॉकेलनं पुसून काढायला एक आठवडा गेला. मग ब्युटाइल. पत्रा पुसून कोरडा करायचा, तक्ता ठेवायचा, गरम करायचा आणि रुळानं असा दाबायचा की खाली हवेचा फुगा राहू नये. इतर ठिकाणी लोक गरम करायला हीटगन वापरतात. आम्ही गाडी दुपारी बारा वाजता अंगणात लावली. रुळाच्या जागी लाटणं घेतलं. ते कुणाचं, कुणाला विचारून घेतलं आणि नंतर काय झालं, हा या लेखाचा विषय नाही.

जाणकार सांगतात, पत्र्याचा चौथाई भाग झाकला तरी पुरतो; थरथर मोडायला तेवढं वजन मधोमध मिळालं की झालं. पण चौथाईवर थांबायला पुतण्या काही कंजूस नव्हता. त्यानं मजला झाकला, चाकांच्या कमानी झाकल्या, झाकण आतून झाकलं, काही ठिकाणी दुहेरी. गाडीचं बूड चार बोटं खाली बसलं. पेटीच्या सांध्यांना आतून सिलिकॉन भरलं. आजोबांचा पलंग पहिल्यांदा गप्प झाला.

आणि खरं सांगतो, फार सुंदर झालं. डिकीचं झाकण लावलं की तिजोरीसारखा थप. खर्ज नुसता पाठीच्या कण्यात येऊन बसतो, बाहेर चकार शब्द नाही. पहिल्या दिवशी मी आणि पुतण्या अंगणात गाडीत बसून अर्धा तास काहीच न बोलता ऐकत होतो. मधेच बायकोनं दारातून चहाला हाक मारली. वाटी वाजली होती म्हणे. आम्हाला ब्लास्टिंगसुद्धा कळलं नाही.

रोवणा सुरू व्हायच्या आधी चुलतसासऱ्यांना भेटून यावं, गाडी ऐकवून यावी, म्हणून जूनमध्ये निघालो. डिकी पूर्ण रिकामी. व्याहाडच्या पुढे पुन्हा नाकाबंदी. शिपाई दुसरा होता. आमची गाडी नवरदेवासारखी चालत, कसलाही आवाज न करता त्याच्यासमोर थांबली. त्यानं खाली वाकून मागची चाकं पाहिली. बूड किती दबलंय ते पाहिलं. मग बोटाचं पेर वाकवून डिकीच्या झाकणावर ठोकलं.

थप.

त्यानं शेजारच्या जीपच्या पत्र्यावर ठोकलं. टण्ण. पुन्हा आमच्यावर ठोकलं. थप.

"रिकामी डिकी अशी वाजते का जी?" तो म्हणाला. "गच्च भरून आहे हे. का आहे आतमधी?"

पुतण्यानं अभिमानानं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बायकोनं त्याचा दंड धरला.

"त्याले काही विचारू नका भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही सरळ उघडूनच पाहा."